मा. केंद्रीय कृषिमंत्र्यांना खुलं पत्र: कलम 39 ला हात लावू नका, आणि एकदा बागेत या

मा. कृषिमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातून लिहितोय, आमची द्राक्षबाग जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आहे. पिकांच्या जातींच्या हक्काचा 2001 चा जो कायदा आहे त्यात बदल करायचं चाललंय, म्हणून हे पत्र.

आधी त्या कायद्यातलं कलम 39. ते आहे तसं राहू द्या साहेब. शेतकऱ्याने घरचं बियाणं राखावं, परत पेरावं, शेजाऱ्याला द्यावं, विकावंसुद्धा, फक्त संरक्षित, म्हणजे या कायद्याखाली कुणाच्या नावावर नोंदलेल्या जातीचं बियाणं ब्रँड लावून विकू नये, एवढं सरळ आहे ते. हे कलम असतानाही 2019 ला गुजरातमधल्या चार बटाटा शेतकऱ्यांवर, आमच्या नोंदलेल्या जातीचा बटाटा लावला म्हणून, पेप्सिको कंपनीने प्रत्येकी एक कोटीच्या वर दावा ठोकला होता, देशभर ओरड झाली तेव्हा मागे घेतला. हेच कलम पातळ केलं तर उद्या शेतकरी कोर्टात कशाच्या जोरावर उभा राहणार?

मी कंपन्यांच्या विरोधात नाही. नवीन जात काढायला वर्षं जातात, पैसा लागतो, त्यांनी रॉयल्टी जरूर घ्यावी. पण जात काय फक्त लॅबमध्येच निघते का? सोनाका द्राक्ष सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळेंनी स्वतःच्या बागेत शोधलं. एचएमटी तांदूळ चंद्रपूर जिल्ह्यातल्या दादाजी खोब्रागडेंनी लोंब्या निवडून निवडून काढला, तो कुठे कुठे पोचला, आणि 2018 ला दादाजी गेले ते पैशांच्या चणचणीतच.

द्राक्षात कसं होतं सांगतो. अख्ख्या बागेत एखाद्याच वेलीवर एका काडीला घड वेगळा दिसतो, मणी लांब असतो नाहीतर रंग लवकर भरतो. माणूस त्या काडीला चिंधी बांधून ठेवतो, छाटणीला ती बाजूला काढतो, डॉगरीज या मजबूत मुळांच्या वेलीच्या खुंटावर कलम करतो आणि मग पुढची काही वर्षं मणी तसाच येतोय का ते बघत राहतो. तोवर पाव्हणे, शेजारी, नर्सरीवाले काड्या घेऊन गेलेले असतात, आपल्याकडे नाही म्हणवत नाही कुणाला. कायद्यात झाडं-वेलींना 18 वर्षांपर्यंत संरक्षण आहे, शेतकऱ्याला फी पण माफ आहे, पण जात वेगळी आहे, एकसारखी येते, टिकते हे दाखवायला पान, शेंडा, घड, मणी सगळ्याची मापं टेक्निकल इंग्रजीतल्या रकान्यांत भरायची म्हटलं की तिथेच हात टेकतात.

तर बदल करायचाच असेल तर हा करा. जानेवारी ते मार्च, घड वेलीवर असताना, शास्त्रज्ञ बागेत पाठवा. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र इथे मांजरीलाच आहे, मापं त्यांनी घ्यावीत, फॉर्म मराठीत असावा, आणि पहिल्या भेटीच्या दिवशीच तारखेसकट तात्पुरती नोंद हातात पडावी, म्हणजे काडी बाहेर गेली तरी जात कुणाची ते पक्कं राहील.

आणि दुरुस्तीवर एक सुनावणी नारायणगावला किंवा तासगावला ठेवा, मराठीत. फक्त ऑक्टोबरात नको, छाटणीच्या गडबडीत कुणाला येता येणार नाही.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, पुणे