ताफ्यासह सीमा ओलांडण्यापूर्वी

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

मित्रमंडळींच्या गाड्यांचा ताफा घेऊन देशोदेशीच्या सीमा रस्त्याने ओलांडण्याचे तुम्ही ठरवले आणि त्याची धुरा तुझ्याकडे आली, हे वाचून मनापासून आनंद झाला. मार्ग, मुक्काम आणि इंधन यांचा विचार तू बारकाईने केलेला दिसतो. पण प्रत्येक सीमेसाठी जेमतेम दोन तास धरलेले पाहून मला काळजी वाटली, म्हणून आज केवळ त्याविषयीच लिहितो.

सीमेवर माणसाचा प्रवेश आणि गाडीचा प्रवेश या दोन स्वतंत्र गोष्टी असतात, हे सर्वांच्या मनावर आधी बिंबव. पासपोर्टवर शिक्का पडला की माणूस मोकळा होतो. गाडी मात्र कस्टम्सच्या लेखी तात्पुरती आयात केलेली वस्तू असते आणि ती परत देशाबाहेर जाईल याची त्यांना हमी हवी असते. अनेक देशांत ही हमी म्हणजे कार्ने, गाडीच्या तात्पुरत्या आयातीसाठी कस्टम्सला दाखवायची कागदपत्रांची पुस्तिका. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात : देशात शिरताना खालचा भाग फाडून घेतात, बाहेर पडताना मधला, आणि वरची स्थळप्रत दोन्ही वेळचे शिक्के घेऊन आपल्याकडेच राहते. बाहेर पडतानाचा शिक्का राहून गेला, तर गाडी त्याच देशात राहिली असे धरून आयातशुल्काची मागणी होऊ शकते आणि तिची झळ अखेर मालकाने ठेवलेल्या हमीच्या रकमेला बसते. म्हणून खिडकीपासून हलण्यापूर्वी शिक्का, तारीख आणि सही प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीच पाहिजे. मागे रांग कितीही कुरकुरत असली तरी.

तुमच्या मार्गात चीन असेल, तर तेथे कार्ने चालत नाही, हे ध्यानात ठेव. गाडीला तात्पुरती नंबरप्लेट, चालकाला तात्पुरता परवाना आणि सोबत स्थानिक मार्गदर्शक, एवढी सगळी व्यवस्था तेथील एजन्सीमार्फत फार आधी करावी लागते.

आता एक बारीकशी वाटणारी, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कस्टम्सचा अधिकारी बॉनेट उघडायला लावतो, चासी क्रमांकावरची धूळ अंगठ्याने पुसतो आणि विजेरीच्या उजेडात एकेक अक्षर कार्नेशी ताडून पाहतो. हल्लीच्या गाड्यांच्या या क्रमांकात 17 अक्षरे व अंक असतात आणि त्यांत इंग्रजी आय, ओ व क्यू ही अक्षरे कधीच वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. तेव्हा कुणाच्या कागदावर शून्याच्या जागी ‘ओ’ छापलेला दिसला, तर ती चूकच आहे असे समज आणि निघण्यापूर्वीच दुरुस्त करून घे. सीमेवर अशा एका अक्षरापायी एक गाडी अडते आणि एका गाडीपायी सारा ताफा उन्हात उभा राहतो.

ताफ्याची खरी कसोटी येथेच लागते. बऱ्याच नाक्यांवर गाडीसोबत फक्त चालकाला पुढे जाऊ देतात. बाकीच्यांना सामान घेऊन पायी वेगळ्या दालनातून जावे लागते. अशा वेळी एकाचा पासपोर्ट दुसऱ्याच्या पिशवीत असता कामा नये. गाडीचा मालक सोबत नसेल, तर त्याचे अधिकारपत्र चालकाच्या हाती हवे. चालक, पासपोर्ट आणि गाडीचे क्रमांक यांची एकच छापील यादी करून तिच्या भरपूर प्रती जवळ ठेव. अधिकारी ती आवर्जून मागून घेतात. ड्रोन, वॉकीटॉकी आणि सॅटेलाइट फोन यांना कित्येक देशांत आगाऊ परवानगी लागते, आणि ट्रामाडॉल किंवा कोडीनसारखी घटकद्रव्ये असलेली औषधे काही ठिकाणी गंभीर प्रकरण ठरतात; औषधांची पेटी तू स्वतः उघडून पाहा.

पलीकडे गेलेल्यांना पुढे निघण्याची घाई होते, पण त्यांना थांबवून धर. भाषा जाणणारा सोबती पहिल्या गाडीत असावा आणि तू मात्र शेवटच्या गाडीत राहा, कारण अडचण आली की जो पुढे गेला तो परत मागे येऊ शकत नाही.

वाहतुकीची बाजूही बदलते. थायलंडमधील नोंग खाई येथून मेकाँगवरच्या 1994 सालच्या मैत्रीपुलाने लाओसमध्ये शिरले की डावीकडून चालणारी वाहतूक उजवीकडे जाते. ताटकळून थकलेल्या चालकाच्या हाती अशा वेळी चाक देऊ नकोस. पहिला तासभर ताज्या दमाच्या माणसाला चालवू दे आणि शेजारी बसलेल्याला बोलून आठवण देत राहायला सांग.

सर्व गाड्यांच्या कार्नेच्या मुखपृष्ठांचे आणि चासी क्रमांकांचे फोटो मला या आठवड्यात पाठव. मी एकेक अक्षर ताडून पाहीन आणि कुठे फरक आढळला तर लगेच कळवीन.

तुझा स्नेहांकित मित्र