कुत्र्यांचे रिपोर्टही लेप्टोचा इशारा देतात

आपल्या अंकातली ठाणे-नवी मुंबईतल्या पावसाळी लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून पाण्यात पसरणाऱ्या जिवाणूंच्या आजाराची) बातमी वाचली, साचलेल्या पाण्यात उतरू नका, उंदीर आवरा वगैरे आलंय आणि ते बरोबरच आहे, पण हा आजार कुत्र्यांना, गाईगुरांनाही होतो हे एका ओळीत तरी यायला हवं होतं. कुत्र्याच्या हिरड्या पिवळ्या पडतात, किडनीवर परिणाम होतो, कोपरखैरण्यातला एखादा व्हेट रक्त लॅबला पाठवतो, रिपोर्ट मालकाच्या व्हॉट्सॲपवर येतो आणि विषय संपला. एकाच सेक्टरमधून असे चार रिपोर्ट आले तरी कळणार कुणाला?

१९९९ मध्ये न्यूयॉर्कला कावळे पटापट मरत होते तेव्हा ब्रॉन्क्स झूच्या पॅथॉलॉजिस्ट ट्रेसी मॅक्नामारा यांनी मेलेले पक्षी तपासले, मेंदूला सूज दिसली आणि तेव्हा शहरात माणसांना होत असलेल्या मेंदूज्वराचं निदान चुकतंय अशी शंका त्यांनी लावून धरली, शेवटी तो डासांमुळे पसरणारा वेस्ट नाइल विषाणू निघाला. आपल्याकडेही फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूरच्या वेहळोलीत शंभरेक कोंबड्या मेल्यावर नमुने तपासले गेले आणि बर्ड फ्लू कळला, म्हणजे यंत्रणा आहे, पण ढिगाने मेल्याशिवाय हलत नाही.

दोन्ही महापालिकांनी खासगी व्हेट आणि लॅबकडून दर आठवड्याला तारीख, प्राणी, पिनकोड आणि निदान एवढंच मागवावं, मालकाचं नावही नको. साधी एक्सेल शीट पुरेल, कृपा करून ॲप काढू नका, त्याचं उद्घाटन तेवढं दणक्यात होतं.

– एक वाचक, कोपरखैरणे