पॅटागोनियातल्या मेंढ्या दिसल्या, मजूर राहिले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील पॅटागोनियाचा, म्हणजे दक्षिण अर्जेंटिनाचा, प्रवासलेख आवडला. एल कलाफातेजवळची हिमनदी, मैलोन्‌मैल माळ, मेंढ्यांची जुनी कुरणे, सगळे आले. पण त्याच परिसरात ‘ला अनिता’ नावाचे कुरण आहे. डिसेंबर १९२१ मध्ये अर्जेंटिनाच्या लष्कराने तिथे शरण आलेल्या संपकरी शेतमजुरांना गोळ्या घातल्या. त्याबद्दल एक ओळ असायला हवी होती.

पहिल्या महायुद्धानंतर लोकरीचे भाव कोसळले आणि सांता क्रूझ या तिथल्या प्रांतातील मजुरांचे हाल वाढले. रिओ गाज्येगोस शहरातील कामगार संघटनेचा सचिव अंतोनियो सोतो अराज्यवादी, म्हणजे राज्यसंस्थाच नको म्हणणारा, त्यामुळे ‘क्रांती होतेय’ अशी मालकांनी ओरड केली. मागण्या काय होत्या? महिना शंभर पेसो पगार, चार मीटर लांब, चार मीटर रुंद खोलीत तिघांहून जास्त माणसे नकोत, दरमहा मेणबत्त्यांचा एक पुडा, कपडे धुवायला शनिवारची मोकळीक, औषधपेटीतल्या सूचना स्पॅनिशमध्ये! संपकऱ्यांनी कुरणे ताब्यात घेतली, माणसे ओलीस धरली, हे मी नाकारत नाही. पण १९२१ च्या सुरुवातीला लष्कराचा लेफ्टनंट कर्नल वारेला याच्याच मध्यस्थीने तडजोड झाली होती. ती मालकांनी पाळली नाही, म्हणून दुसरा संप झाला. तेव्हा तोच वारेला परत आला, तो बंदुका घेऊन.

‘ला अनिता’वर सोतो सांगत होता, शरण जाऊ नका. सभेने बहुमताने उलट ठरवले. तो मोजक्या साथीदारांसह चिलीत निसटला. शरण गेलेल्यांतले कित्येक मारले गेले. सगळ्या प्रांतातील मृतांचा आकडा काही शे ते दीड हजार असा सांगितला जातो. त्याच वर्षी मंजूर झालेल्या नव्या दंडसंहितेतून अर्जेंटिनाने मृत्युदंड काढून टाकला होता, हे विशेष. आणि सरकार हुकूमशहाचे नव्हते. अध्यक्ष इरिगोयेन मतदानाने निवडून आलेले होते! वारेलावर खटला चालला नाही. जानेवारी १९२३ मध्ये कुर्त विल्केन्स या जर्मन अराज्यवाद्याने ब्युनोस आयर्समध्ये त्याला ठार केले. पुढे विल्केन्सचाही तुरुंगात खून झाला.

त्याच भागातल्या सान हुलियान गावातील वेश्यागृहातल्या पाच स्त्रियांनी मात्र वारेलाच्या सैनिकांना खुनी म्हणत हाकलून लावले. पुरवणीत त्या भागावर पुन्हा लिहिणार असाल, तर त्या पाच जणींपासून सुरुवात करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर