एप्रन घातला की चिठ्ठी लागत नाही

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मेडिकलचे विद्यार्थी स्वतःच स्वतःला औषधं देतात, त्याबद्दल लिहितोय. मी सध्या मेडिकलची इंटर्नशिप करतोय, साडेचार वर्षं होस्टेलला काढलीत, त्यामुळे हे घरचंच बोलतोय. सेकंड इयरला फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचा विषय, सुरू झालं की आम्ही सगळे अर्धे डॉक्टर. घसा खवखवला की अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, तेही दोन दिवस, बरं वाटलं की उरलेली गोळी ड्रॉवरमध्ये आणि पुढच्या महिन्यात शेजारच्या रूमवाल्याला तीच. बहुतेक घसे व्हायरल असतात, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही, हे पेपरात लिहून मार्क घेतलेत आम्हीच!

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हात थरथरू नयेत म्हणून प्रोप्रानोलॉल ही बीटा ब्लॉकर गटातली गोळी घ्यायची तर फॅशनच. माझ्या रूममेटनं अशीच सीनियरकडून घेऊन टाकली, आणि त्याला लहानपणापासून दमा. थोड्या वेळानं छातीतून शिट्टी वाजायला लागली, कॅज्युअल्टीत नेऊन नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारं यंत्र, लावला. दम्यात बीटा ब्लॉकर नको हे त्यानं झोपेतही सांगितलं असतं.

केमिस्टही एप्रन बघून काही विचारत नाही. 2014 पासून सेफिक्झिम (अँटिबायोटिक), अल्प्राझोलाम (चिंतेवरची गोळी) अशा शेड्यूल एच-1 या कडक नियमांच्या यादीतल्या औषधांसाठी पेशंट-डॉक्टरचं नाव रजिस्टरात लिहून ते 3 वर्षं जपायचं असतं, पण आमच्यासाठी कुणी पेन उघडलेलं मी तरी पाहिलं नाही.

आणि ओपीडीत जायचं तर समोर आपलेच सर, झोप लागत नाही हे त्यांना कसं सांगणार? उद्या तेच व्हायव्हा घेणार. कॉलेजांनी विद्यार्थ्यांसाठी संध्याकाळची वेगळी ओपीडी ठेवावी, बाहेरचे डॉक्टर बसवून.

आपला,
एक इंटर्न, पुणे