तारखेआधी रसदीचा हिशेब मांडा

प्रति,
संपादक महोदय,

परदेशात रेंगाळलेल्या आणि लोकांच्या मनातून उतरलेल्या युद्धातून फौज कधी काढावी, यावर आपल्या पत्रस्तंभात चाललेला वाद आम्ही वाचत आहोत. 'उद्याच काढा' आणि 'काम फत्ते झाल्याशिवाय काढू नका' या दोन टोकांतच तो अडकला आहे. आमचे म्हणणे वेगळे आहे. काढायचेच असेल तर निर्णय लवकर घ्यावा. मात्र आपण सोडलेली ठाणी कोण सांभाळणार आणि त्याची रसद कुठून येणार, हे पक्के झाल्याशिवाय तारीख जाहीर करू नये. पत्रलेखकांनी अमेरिकेचे दाखले भरपूर दिले. आपल्याच फौजेचा श्रीलंकेतला दाखला मात्र कोणी दिला नाही.

२९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला आणि लगोलग भारतीय शांतिसेना जाफन्याजवळच्या पलालीच्या विमानतळावर उतरू लागली. तिचे काम होते तमिळ अतिरेकी गटांची शस्त्रे जमा करून घेण्याचे. ऑक्टोबरात त्यातल्याच लिट्टे या सर्वांत प्रबळ गटाशी तिची जुंपली. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरने उतरलेल्या शीख लाइट इन्फन्ट्रीच्या ३० जणांपैकी २९ कामी आले, एक कैद झाला. नोव्हेंबरात ८ महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पुढे चार डिव्हिजन तिथे गुंतल्या आणि अकराशेहून अधिक जवान परत आले नाहीत.

आता माघारीकडे बघा. १ जून १९८९ रोजी श्रीलंकेचे नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदास यांनी जाहीर सभेत सांगितले, २९ जुलैपर्यंत भारतीय फौज निघून गेली पाहिजे. दिल्लीने ती तारीख मानली नाही. सप्टेंबरात वर्षअखेरची मुदत ठरली आणि प्रत्यक्षात शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमालीहून निघाली. या दहा महिन्यांत भारतीय जाणार हे गावागावाला कळले होते. वरदराज पेरुमाळ यांचे ईशान्य प्रांताचे सरकार आपल्या संगिनींवर उभे होते. ते टिकावे म्हणून घाईघाईने 'तमिळ नॅशनल आर्मी' उभी केली गेली. तिच्यात जबरदस्तीने धरून आणलेली पोरे होती आणि त्यांना जेमतेम काही आठवड्यांचे शिक्षण मिळाले होते. दुसरीकडे कोलंबो सरकार लिट्टेला हत्यारे पुरवत होते. आधी अंपारा आणि मग एकेक जिल्हा आपण सोडत गेलो, तशी ही फौज विरघळली आणि तिच्या हातातली शस्त्रे लिट्टेकडे गेली. जून १९९० मध्ये लिट्टेचे कोलंबोशीच युद्ध पेटले आणि शरण आलेले शेकडो पोलीस मारले गेले. निघण्याचा निर्णय बरोबर होता असेच आम्ही मानतो. चूक झाली ती मागे राहणाऱ्यांच्या तयारीत. ती दोन वर्षे आधी सुरू व्हायला हवी होती.

माघार म्हणजे गाड्या भरून निघणे, असा अनेकांचा समज दिसतो. प्रत्यक्षात चढाईपेक्षा ती अवघड, कारण रोज आपली संख्या घटते आणि समोरच्याची हिंमत वाढते. निर्णय झाला की पहिले काम म्हणजे पुढच्या ठाण्यांवर नवा साठा पाठवणे बंद करायचे आणि आहे तो वापरत आणायचा. असे केले नाही तर शेवटच्या आठवड्यात दारूगोळ्याच्या पेट्या ओढायला गाड्या पुरत नाहीत, आणि मग पेट्या जाळाव्या तरी लागतात किंवा शत्रूला सापडतात. लहान चौक्या आधी मोडून कंपनीच्या ठाण्यात घ्यायच्या, कंपन्या बटालियनच्या तळावर आणायच्या. दहा जणांची चौकी एकटी मागे ठेवायची नाही. रस्ता रोज पहाटे नव्याने तपासावा लागतो. जाफन्यात सुरुंग रस्त्याखाली आणि मोऱ्यांत पुरलेले असत, म्हणून इंजिनिअर तुकडी शेवटपर्यंत लागते. सर्वांत चांगली पलटण पिछाडीला ठेवायची आणि बंदर किंवा धावपट्टीभोवतीचे कडे तिच्या ताब्यात द्यायचे.

हमखास चूक होते ती हेलिकॉप्टर, सिग्नल आणि शस्त्रक्रियेच्या पथकाबाबत. महागडी सामग्री म्हणून ती लवकर परत पाठवली जाते. मग शेवटच्या ठाण्यावर जखमी झालेल्याला उचलायला काही उरत नाही. जवानांना हे कळते, आणि त्यानंतर ते गस्तीवर जाताना कचरतात. दुसरी चूक कागदांची. दुभाषे, वाटाडे, खबरे यांच्या याद्या कोणी न्यायच्या आणि काय जाळायचे, हे आधी नेमून द्यावे लागते. अफगाणिस्तानात बोटांचे ठसे आणि बुबुळांच्या नोंदी घेणारी यंत्रे तालिबानच्या हाती लागल्याच्या बातम्या आल्या होत्या. ज्यांनी विश्वास ठेवून आपली ओळख दिली, त्यांच्या जिवावर बेतणारी ही हलगर्जी आहे.

त्याच अफगाणिस्तानातून दोन महासत्ता बाहेर पडल्या आणि दोन्ही माघारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. सोव्हिएत फौजेने जिनिव्हा करारानंतर १५ मे १९८८ ला माघार सुरू केली, पहिल्या तीन महिन्यांत निम्मी फौज काढली आणि १५ फेब्रुवारी १९८९ ला शेवटचा ताफा सीमेवरच्या अमू दर्या नदीवरचा पूल ओलांडून गेला. पण इंधन, धान्य आणि दारूगोळा येत राहिला. मॉस्कोच्या पाठिंब्यावर काबूलमध्ये राज्य करणाऱ्या नजीबुल्लांच्या फौजेने त्याच वसंतात बंडखोरांचा जलालाबादवरचा मोठा हल्ला परतवला आणि ते सरकार एप्रिल १९९२ पर्यंत तगले. मॉस्कोची मदत बंद झाल्यावर काही महिन्यांत ते पडले. अमेरिकेने २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोह्यात करार केला तो तालिबानशी. काबूलचे सरकार त्यात नव्हतेच. जुलै २०२१ च्या सुरुवातीला काबूलजवळचा बगरामचा हवाई तळ रातोरात रिकामा केला. विमानांची देखभाल करणारे कंत्राटी तंत्रज्ञही निघून गेले. अफगाण सैन्याच्या दूरच्या चौक्यांना रसद पोचायची आणि जखमी हलवले जायचे ते हवाई मार्गाने. मेकॅनिक गेले तशी ती विमाने जमिनीला खिळू लागली. १५ ऑगस्टला काबूल पडले. मग लाखावर माणसे शहरातल्या एका धावपट्टीवरून बाहेर काढावी लागली, आणि २६ ऑगस्टला विमानतळाच्या दारात झालेल्या स्फोटात १३ अमेरिकी सैनिक आणि सुमारे १७० अफगाण ठार झाले. नजीबुल्लांना मिळाली ती तीन वर्षांची सवड होती, शांतता नव्हे. पण त्या तीन वर्षांत वाटाघाटी होऊ शकतात, माणसे हलवता येतात. अकरा दिवसांत प्रांतांच्या राजधान्या कोसळतात तेव्हा काहीच करता येत नाही.

'मग तारीखच सांगू नका, लढत राहा' हाही उपाय नव्हे. व्हिएतनाममध्ये अमेरिकेने १९६९ पासून मार्च १९७३ पर्यंत हळूहळू फौज काढली. त्या काळात तिचे वीस हजारांहून अधिक सैनिक मेले आणि ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलेच. नुसता उशीर करून काही पदरात पडत नाही.

सातारा जिल्ह्याने हा विषय दुसऱ्यांचा समजू नये. आपशिंगे गावातील स्मारकशिळा पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांची आहे. त्याच युद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, टेसिफोनहून मागे फिरलेली इंग्रजांची फौज कूत येथे थांबली, वेळीच आणखी मागे सरली नाही, वेढ्यात उपाशी राहिली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. त्यांना तिथे पाठवायचे की नाही, हे इथल्या कोणी कधी ठरवले नव्हते.

आज ठरवणारे आपण आहोत, तरीही परदेशात फौज पाठवण्याआधी संसदेचे मत घेण्याचे बंधन सरकारवर नाही. २००३ च्या एप्रिलमध्ये लोकसभेने इराकवरच्या युद्धाविरुद्ध एकमुखी ठराव केला; पुढे अमेरिकेने इराकसाठी आपली फौज मागितली, तेव्हा १४ जुलैला संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय फौज पाठवायला सरकारने नकार दिला. तो निर्णय योग्य होता. पण तो त्या वेळच्या सभागृहाच्या जागरूकतेमुळे झाला, नियमामुळे नाही.

म्हणून सातारा आणि सांगलीच्या खासदारांना आमची जाहीर विनंती आहे. त्यांनी येत्या अधिवेशनात हा लेखी प्रश्न विचारावा: संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांखेरीज परदेशात फौज पाठवताना तिचे उद्दिष्ट, कमाल संख्या, माघारीचा क्रम आणि मदत करणाऱ्या स्थानिकांच्या सुटकेची तरतूद ठराविक दिवसांत सभागृहापुढे ठेवणे सरकारवर बंधनकारक करणारा कायदा आणणार का? उत्तर काय येते ते आपण याच स्तंभात छापावे.

आपले,
काही माजी सैनिक, सातारा