गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा आणि मधला शनिवार

मा. संपादक साहेब,
सलाम. (आमच्या ख्रिस्ती मंडळीत नमस्काराच्या जागी सलामच म्हणतात, नागपुरात अजूनही म्हणतात, म्हणून तसंच लिहिलं.)

तुमच्या पेपरात गुड फ्रायडेच्या दिवशी पहिल्याच पानावर एका पुढाऱ्याची मोठी जाहिरात होती, हात जोडलेला फोटो, मागं क्रूस, आणि वर ठळक अक्षरात "गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा". मी चहा घेऊन राहिली होती, वाचून ठसकाच लागला. म्हणजे रागबिग नाही आला, हसूच आलं, कारण हे दरवर्षीच होते, मागच्या वर्षी तर आमच्या चौकात फ्लेक्सच लागला होता. साहेब, ज्या दिवशी येशूला क्रूसावर खिळलं त्याचा तो दिवस आहे हो, मयतीच्या घरी जाऊन कोणी शुभेच्छा देते का? मराठीत त्याला आम्ही उत्तम शुक्रवार म्हणतो, त्या उत्तममुळंच सगळा घोटाळा होत असावा. त्या दिवशी चर्चमध्ये दुपारी 12 ते 3 उपासना असते, क्रूसावरच्या सात उद्गारांवर एकेक जण बोलते, बाहेर बेचाळीसचं ऊन अन आत कूलरच्या आवाजात अर्धं ऐकूच येत नाही, पण लोक बसून राहतात. घरी आल्यावर गोडधोड काही नसते. शुभेच्छा द्यायच्या तर रविवारी द्या, ईस्टरला, येशू मेलेल्यातून उठला त्या दिवशी, त्या आम्ही आनंदानं घेऊ. तारीख दरवर्षी बदलते, मार्चच्या 21 नंतर जी पौर्णिमा येते तिच्या पुढचा रविवार, बरेचदा हनुमान जयंतीच्या मागंपुढंच येते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पण पत्र लिहायला बसली ते फक्त चूक काढायला नाही. शुक्रवार आणि रविवारच्या मधात एक शनिवार येते, त्याच्याबद्दल कोणीच काही छापत नाही, आमच्या चर्चमध्ये पण त्या दिवशी काही नसते, झाडझूड आणि रविवारच्या फुलांची सोय एवढंच. आणि माझं तर सगळं जे काही आहे, विश्वास म्हणा, आशा म्हणा, ते त्या शनिवारातच आहे.

सांगते. मी शिलाईचं काम करते, ब्लाऊज, फॉल-पिको, थोडं अल्टरेशन. घर बर्डीच्या खालच्या अंगाला, मोरभवनच्या बसस्टँडपासून फार लांब नाही. माझे मिस्टर हिंगण्याच्या एमआयडीसीत फिटर होते. 2021 च्या गुड फ्रायडेला, 2 एप्रिलला, सकाळी त्यांना ताप आला. त्या वर्षी कोरोनामुळं चर्चमध्ये मोजकीच माणसं घेत होते, बाकीच्यांनी मोबाईलवर उपासना पाहायची होती, तर आम्ही दोघं पलंगावर बसून मोबाईलवर सात उद्गार ऐकले, चौथ्या उद्गाराला नेट गेलं. चौथा म्हणजे "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास". मिस्टर म्हणे, जाऊ दे, पुढचं आपल्याला माहीत आहे. रविवारी श्वास लागायला लागला. मग ते दिवस नागपुरात सगळ्यांनीच पाहिले, बेड नाही, ऑक्सिजन नाही, इंजेक्शनसाठी लायनी. एका प्रायव्हेट दवाखान्यात जागा भेटली पण आधी डिपॉझिट भरा मग स्ट्रेचर, मी गळ्यातलं आणि कानातलं सोनाराकडं ठेवून पैसे आणले. 10 एप्रिलला ते गेले. शनिवार होता. तोंड पण पाहू दिलं नाही धड, प्लास्टिकमध्ये बांधलेलं होतं, पाळक साहेबांनी लांबूनच प्रार्थना केली अन चार माणसात माती झाली. तुमच्या पेपरात तेव्हा निधनाच्या बातम्या पानंच्या पानं येऊन राहिल्या होत्या, त्यात एका कोपऱ्यात आमचे मिस्टर, चार ओळी. ते पान मी घडी करून बायबलमध्ये ठेवलं होतं.

त्यानंतर सात महिने मी चर्चची पायरी चढली नाही. लोकांना वाटलं दुःखात आहे. मी दुःखात नव्हती, मी चिडली होती. एक तर माझ्याच ओळखीची बाई फोनवर म्हणाली की बहिणी, विश्वास कुठंतरी कमी पडला असेल, नाहीतर फलाण्याचा नवरा तर व्हेंटिलेटरवरून परत आला. मी फोन ठेवून दिला. आजही माझं स्पष्ट मत आहे, दुखणाऱ्याच्या जखमेवर असा विश्वासाचा हिशोब मांडणं हे पाप आहे, मग बोलणारा कितीही प्रार्थना करणारा असो. आणि ते चमत्काराच्या सभांचे पोस्टर लागतात ना, अमुक आजार बरा तमुक आजार बरा, त्याच्यावर मला काही बोलायचंच नाही, बोलली तर पत्र छापण्यासारखं राहणार नाही. बायबलमध्ये ईयोबाचं पुस्तक आहे, त्याची पोरंबाळं गेली, ढोरं गेली, अंगभर फोड आले, मग तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. इथपर्यंत ते फार चांगले मित्र होते. नंतर तोंड उघडलं तिथून सगळं बिघडलं, आणि शेवटी देवानंच त्यांना रागावलं.

माझ्याकडं जी आली ती तोंड न उघडणारी होती. आमच्या महिला मंडळातली एक आजी, पंचाहत्तरीच्या वरची, दोन्ही डोळ्यात मोतीबिंदू, ऑपरेशनला घाबरे. शनिवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर यायची. पहिल्यांदा आली तर मला वाटलं आता ही वचनं सांगणार, पण तिनं पिशवीतून मेथीची जुडी काढली, खाली बसकण मारली अन निवडायला लागली. बोलली ती एवढंच की माय, घरी सून निवडू देत नाही, काड्या राहतात म्हणे. तास दीड तास बसली, मी मशीन चालवत होती, निघताना म्हणाली पुढच्या शनिवारी येते. असं किती शनिवार चाललं. कधी वाल, कधी शेंगा, कधी नुसतंच बटणं टाकायला घ्यायची अन सुई माझ्याकडं धरायची, ओवून दे म्हणायची, मी ओवून दिली की चुकीच्या जागी बटण टाकायची, ती गेल्यावर मी उसवून परत टाकायची. तिचा तरणा मुलगा गेलेला होता हे मला दुसऱ्याकडून कळलं, तिनं कधी सांगितलं नाही.

एक दिवस मीच म्हणाली, आजी, मला प्रार्थना होत नाही, तोंड उघडलं की शिव्याच येतात. तर ती म्हणे, मग शिव्याच दे, पण त्यालाच दे, शेजारणीला नको. आणि मला स्तोत्रसंहिता, म्हणजे बायबलमधलं स्तोत्रांचं पुस्तक, काढायला लावली. आपण सगळे 23 वंच वाचतो, परमेश्वर माझा मेंढपाळ, ते लग्नात पण वाचतात मयतीत पण वाचतात. तिनं 13 वं काढायला लावलं, पहिल्या दोनच ओव्यात चार वेळा "किती वेळ" म्हणून देवाला विचारलं आहे, किती वेळ विसरणार, किती वेळ तोंड लपवणार. मग 88 वं. 150 स्तोत्रांमध्ये ते एक असं आहे की शेवटाला पण काही गोड नाही, अंधारातच संपते. मी लहानपणापासून संडे स्कूलला गेलेली, चार पिढ्यांचं आमचं ख्रिस्ती घर, पण मला माहीतच नव्हतं की असलं भांडण बायबलमध्येच छापलेलं आहे. त्या दिवशी मी मोठ्यानं 88 वं वाचलं अन आजी मेथी निवडत राहिली. मला बरं वाटलं असं नाही म्हणणार. पण कोणाशी तरी बोलली असं वाटलं, सात महिन्यात पहिल्यांदा.

पंडिता रमाबाईंचं पण तिनंच सांगितलं. आपल्याकडं रमाबाई म्हणजे संस्कृतच्या पंडिता अन केडगावचं मुक्ती मिशन एवढंच शाळेत सांगतात. पण आईबाप दुष्काळात उपासानं गेले, लग्नाला दोन वर्षं पण झाली नव्हती तर 1882 मध्ये नवरा कॉलऱ्यानं गेला, मांडीवर मनोरमा, आणि तीच मनोरमा मोठी होऊन आईचा उजवा हात झाली अन 1921 मध्ये तीही गेली. बाई तेव्हा बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करून राहिल्या होत्या, मूळ हिब्रू ग्रीकवरून, आणि ते त्यांनी सोडलं नाही, 1922 च्या एप्रिलमध्ये स्वतः जाईपर्यंत तेच काम. आजी म्हणायची, पोरगी गेल्यावर पण बाई सकाळी उठून टेबलाशी बसत असतील ना, काय वाटत असेल त्यांना. उत्तर तिनं पण दिलं नाही मी पण नाही.

मग 2023 चा तो पूर. 22 सप्टेंबरच्या रात्री, शुक्रवारी, काही तासात शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला अन नाग नदी घरात. मोरभवनला बसा बुडाल्या होत्या ते फोटो तुम्हीच छापले होते. आमच्या घरात कंबरेइतकं पाणी. मी अन मुलगा वरच्यांच्या जिन्यात बसून राहिलो. पहाटे उतरलं तर सगळा चिखल, मशीनची मोटर गेली, टेबलाचा प्लाय फुगून पुस्तकासारखा उघडला, आणि गिऱ्हाइकांचे अकरा ब्लाऊज, त्यात एका नवरीचा शालूवरचा, चिखलात. मिस्टरांचं ते पेपरचं पान बायबलमध्ये होतं, ते दोन्ही लगदा होऊन हातात आलं. परत शनिवारच, पाहा. (ज्यांच्या नावाचं आपल्याकडं कॉलेज आहे ते मिशनरी हिस्लॉप साहेब पण नागपूरजवळच पाण्यात गेले, 1863 च्या सप्टेंबरमध्ये, टाकळघाटहून रात्री घोड्यावरून येताना नाल्याच्या पुरात. कॉलेज त्याच्या वीस वर्षांनी, 1883 मध्ये निघालं, त्यांनी काही ते पाहिलं नाही. त्या रात्री जिन्यात बसून मला हे का आठवलं कोण जाणे.)

चिखल काढायला चर्चची पोरं आली, आणि त्यांच्या आधी समोरच्या बुद्ध विहारातली पोरं आली, खिचडीचं पातेलंच घेऊन. आजी दोन दिवसांनी ऑटोनं आली, दारातच थांबली, आत बसायला जागा नव्हती. ते ब्लाऊज पाहिले अन म्हणे, धुऊन तर पाहू. बादल्या भरभरून आम्ही दोघींनी ते ब्लाऊज धुतले, सात निघाले, चार गेले. नवरीचा निघाला.

तर शनिवारचं सांगत होती. बायबलमध्ये त्या शनिवारचं जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात एवढंच की कबरेवर पहारा बसवला आणि धोंडेवर शिक्का मारला. आणि लूकच्या शुभवर्तमानात, की बायांनी सुगंधी द्रव्यं तयार करून ठेवली अन शब्बाथ, म्हणजे यहूद्यांचा विसाव्याचा दिवस, होता म्हणून स्वस्थ राहिल्या. बस. रविवारी पहाटे त्या कबरेकडं निघाल्या ते काही उत्सव पाहायला नाही निघाल्या, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की आज काही होणार आहे. मयताला लावायचं राहिलं होतं ते लावायला निघाल्या. आणि मार्क लिहिते की रस्त्यानं एकमेकींना विचारत होत्या की दारावरची धोंड कोण लोटून देईल. म्हणजे धोंडेची सोय झालेली नव्हती अन तरी निघाल्या. मी हे पन्नास वेळा ऐकलं होतं, ईस्टरच्या पहाटेच्या उपासनेला डोळे चोळत ऐकलं होतं, पण अकरा ब्लाऊज धुतल्यावर मला ते कळलं. मला आधी वाटायचं की आशा म्हणजे आतून काहीतरी बरं वाटणं, आणि ते वाटत नाही म्हणजे माझ्याकडं ती नाही. त्या बायांना तरी कुठं बरं वाटत होतं?

मी हे कोणाला बाटवायला नाही लिहून राहिली, तसं वाटणारे दोन फोन येतीलच म्हणून आधीच सांगते. माझ्या गिऱ्हाइकात सगळ्या जातीधर्माच्या बाया आहेत आणि प्रत्येकीच्या घरी एक शनिवार चालू आहे हे मला माप घेतानाच कळते, टेप खांद्याला लावला की बाया बोलतात. कर्ज अजून पूर्ण फिटलेलं नाही, सोनाराकडचं कानातलं सुटलं, गळ्यातलं राहिलं आहे. मुलगा डिलिव्हरीचं काम करते अन बाहेरून परीक्षा देते. चर्चमध्ये पाळक साहेबांनी दोनदा विचारलं की ताई साक्ष द्या, म्हणजे देवानं तुमच्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढं सांगा, मी नाही म्हणाली, कारण साक्ष म्हटलं की लोकांना शेवट गोड लागते, माझ्याकडं अजून तसा शेवट नाही.

आजी मागच्या पावसाळ्यात गेली. ऑपरेशन न करताच.

तुम्हाला एवढीच विनंती की पुढच्या वर्षी त्या शुभेच्छांची जाहिरात आली तर देणाऱ्याला एक फोन करून सांगा, पैसे तर तुम्हाला रविवारी पण भेटतील. आणि जमलं तर मधल्या शनिवारी आतल्या पानावर, कोपऱ्यात का होईना, काहीतरी छापा. काय छापायचं ते मला सांगता येणार नाही. माझ्याशी बोलायचं असेल तर शनिवारी दुपारी सोडून कधीही या, शनिवारी मी गिट्टीखदानला एका बाईकडं जाते, तिचा मुलगा गेला आहे दिवाळीत. बोलत नाही काही. माझ्याकडं हुक लावायचे ब्लाऊज असतात, तेच घेऊन जाते.

आपली,
एक वाचक, सीताबर्डी, नागपूर

ता. क. ते शुभेच्छांचं पान मी रद्दीत नाही दिलं. कागद मोठा अन कोरा भाग जास्त होता, त्याचं 34 साईजचं कटिंग काढून ठेवलं आहे, पुढाऱ्याचे जोडलेले हात बरोबर बाहीवर आले.