प्रोग्रॅमने प्रश्न कसा विचारावा, हेही शिकवा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

प्रोग्रॅमिंगच्या अगदी पहिल्या धड्यातील एका उणिवेकडे अभ्यासक्रम आखणाऱ्यांचे आणि प्रात्यक्षिके घेणाऱ्या सहकारी शिक्षकांचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे. विद्यार्थ्याचे सुरुवातीचे प्रोग्रॅम काळ्या पडद्यावर चालतात. पडद्यावर प्रश्न उमटतो, वापरणारा उत्तर टाइप करून एंटर दाबतो आणि काम पुढे सरकते. गुण मात्र बेरीज किंवा सॉर्टिंग (क्रमवारी लावणे) बरोबर आल्याचे मिळतात, त्यामुळे प्रश्न विचारणे आणि उत्तर स्वीकारणे ही उरकून टाकण्याची बाब ठरते.

सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत नाव घेण्यासाठी स्कॅनएफ (scanf) या उत्तर वाचणाऱ्या फंक्शनमध्ये टक्का-एस (%s) ही खूण लिहिण्याची पद्धत सर्रास शिकवली जाते. ही पद्धत पहिल्या रिकाम्या जागेपाशी थांबते. आपल्याकडे पूर्ण नाव म्हणजे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव. ते टाइप केले की पहिला शब्द तेवढा उचलला जातो आणि उरलेले दोन बफरमध्ये, म्हणजे मजकूर साठवण्याच्या तात्पुरत्या जागेत, पडून राहतात. पुढचा प्रश्न गावाचा असेल, तर गावाच्या जागी वडिलांचे नाव बसते. तो वयाचा असेल, तर स्कॅनएफला अंक सापडत नाही, ते काहीही न उचलता परत येते आणि लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात) असेल तर तोच प्रश्न पडद्यावर अखंड धावू लागतो. त्यावर एफफ्लश (fflush) या फंक्शनने इनपुट, म्हणजे वाचायचा राहिलेला मजकूर, साफ करण्याचा तोडगा सांगितला जातो. पण एफफ्लश आउटपुटसाठी आहे आणि इनपुटवर वापरल्यास काय घडेल याची सी भाषेचे प्रमाण (अधिकृत नियमावली) कोणतीही हमी देत नाही. संपूर्ण ओळ एफगेट्स (fgets) या फंक्शनने घ्यावी, तिच्यातून हवा तो आकडा काढावा आणि तो न निघाल्यास काय चुकले ते सांगून पुन्हा विचारावे, हे शिकवायला एक तास पुरतो.

टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरच्या जमान्यातील उदाहरणांत तर अजूनही गेट्स (gets) हे ओळ वाचणारे फंक्शन आढळते. मजकूर ठेवायला जागा किती आहे, हे गेट्सला ठाऊकच नसते. नोव्हेंबर १९८८ मध्ये पसरलेल्या मॉरिस वर्म या स्वतःहून पसरणाऱ्या प्रोग्रॅमने वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या फिंगर सेवेतील गेट्सच्या याच दोषाचा फायदा घेतला होता. ५१२ बाइटच्या (बाइट हे साठवणुकीचे एकक) बफरमध्ये त्याहून अधिक मजकूर ढकलून त्याने समोरच्या यंत्रांवर स्वतःचा कोड चालवला. सी भाषेच्या २०११ च्या प्रमाणातून गेट्स काढून टाकण्यात आले. जे भाषेनेच टाकून दिले, ते आपण का शिकवतो आहोत?

मला सर्वांत अधिक खंत वाटते ती मराठीत उत्तर देणाऱ्या माणसाची. पायथन या दुसऱ्या भाषेत नाव तपासण्यासाठी इझअल्फा (isalpha) ही ‘सगळी अक्षरेच आहेत का’ हे पाहणारी तपासणी वापरायला शिकवतात. ही तपासणी ‘कमल’ हे नाव स्वीकारते आणि ‘सुनीता’ नाकारते, कारण युनिकोडच्या (जगभरच्या लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या) वर्गीकरणात मात्रा, वेलांट्या आणि उकार ही अक्षरे नसून चिन्हे आहेत. स्वतःचे नाव शुद्ध लिहूनही ‘अयोग्य नाव’ असा शेरा वाचावा लागणे हा त्या वापरकर्त्याचा अपमान आहे. सीमध्ये अडचण लांबीची येते. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे वीस बाइटच्या ॲरेत (सलग राखलेल्या जागेत) ‘सुनीता’ कसेबसे मावते. ‘सुनीताबाई’ लिहिले तर ‘ब’चा पहिला बाइट आत राहतो, उरलेले दोन बाहेर पडतात आणि पुढच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचले जातात. उलट पायथनचे इंट हे फंक्शन ‘१२’ हे देवनागरी अंकही बिनतक्रार बारा म्हणून घेते, ही चांगली सोय कोणी विद्यार्थ्यांना दाखवत नाही.

प्रश्नाच्या शब्दांकडेही पाहायला हवे. नुसते ‘तारीख द्या’ म्हटले, तर ०३-०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे उत्तर देणाऱ्यालाच ठरवावे लागते. अपेक्षित नमुना प्रश्नातच दाखवला तर ही वेळ येत नाही. नुसते एंटर दाबल्यास काय गृहीत धरले जाईल, हेही तेथेच कळावे, आणि नोंद खोडण्यासारख्या प्रश्नात ते गृहीत उत्तर ‘नाही’ असेच असावे. पासवर्ड टाइप करताना अक्षरे दिसत नाहीत, हे योग्यच आहे. मात्र तसे आधी सांगितले नाही तर नवख्या माणसाला कीबोर्ड बंद पडल्यासारखे वाटते.

यासाठी नवा विषय किंवा नवे पुस्तक नको. प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकांनी प्रत्येक प्रोग्रॅमला तीन उत्तरे देऊन पाहावीत: नावाच्या जागी देवनागरीतील पूर्ण नाव, वयाच्या जागी अक्षरे आणि एकदा नुसते एंटर. प्रोग्रॅम त्यातून कसा सावरतो यासाठी स्वतंत्र गुण ठेवावेत आणि गुणविभागणीत ते सत्राच्या आरंभीच छापावेत, अशी माझी संबंधित अभ्यासमंडळांना विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक संगणक शिक्षक, सातारा